छाट

रविवारी नऊला मुनाफभाई कुलूप काढतात
आणि तेलुगू माध्यमाची प्राथमिक शाळा
दुपारी दोनपर्यंत आमचं अभ्यासकेंद्र होते.
फळ्यावर पोरांचं शनिवारचं राहिलेलं असतं,
गोल गोल अक्षरं, मला न वाचता येणारी.
ती मी पुसत नाही. कडेला उरलेल्या जागेत लिहितो :
प्रथम वर्ष. संमंत्रण सत्र चौथे.

बाक सहा वर्षांच्या गुडघ्यांचे,
त्यात चाळिशीचे गुडघे आडवे बसतात.
हिरेमठ रात्रपाळीहून थेट येतो,
डोळे उघडे ठेवून झोपतो,
हजेरीला मात्र बरोबर 'ओ' देतो.
यास्मिन नदाफनं बाळ दप्तरांच्या फळीवर निजवलंय.
निम्मे आलेच नाहीत, आज नळाला पाणी.
पाचव्या दिवशी येणाऱ्या पाण्यापुढं
राज्यशास्त्राचं काय चालणार?
त्यांच्या चौकटीत मी गैरहजर लिहीत नाही,
पेन्सिलीनं 'पा' लिहितो.

नरसम्मा इरबत्ती विडी घरकुलातून येते.
तिची स्वाध्यायाची वही उघडली की मला शिंक येते,
पानापानात तंबाखू.
प्रश्न होता :
परिसरातील एका व्यवसायाची माहिती
तीनशे शब्दांत लिहा. गुण दहा.

तिनं लिहिलं होतं,
पान रात्री भिजवायचं, सकाळी पत्र्याच्या मापानं कापायचं,
सूप मांडीवर, मांडी बधिर,
दोरा दातानं नाही, नखानं तोडायचा.
दर पंचविसाव्या शब्दाखाली बारीक रेघ,
अशा बारा रेघा.
आणि शेवटचं वाक्य मध्येच थांबलेलं :
'माझी मुलगी हे काम'
तीनशे भरले होते.

मी सात दिले. बरे दिले, असं मला वाटलं.

आज सत्र संपल्यावर ती टेबलाशी आली.
"सर, तीन कुठं गेले?"
म्हटलं, सात चांगले असतात.
"तसं नाही सर. कारखान्यात हजारातनं छाट काढतात,
पण समोर काढतात की.
ही सैल, ही फाटकी, ही आखूड, दाखवतात.
तुम्ही तीन काढले. दाखवा की."

सोळा वर्षं वह्या तपासतोय.
हे कुणी विचारलं नव्हतं.

मी चष्मा लावला, वही जवळ ओढली.
एक सापडला : 'पाणी'च्या जागी 'पानी', तेही चार वेळा.
ती वाकून बघून म्हणाली, "हा छाट बरोबर."
दुसरं ते अर्धं वाक्य.
"तीनशेच मागितले होते ना?"
होय, तीनशेच.
तो मी परत दिला. सात खोडून आठ केले,
खोडलेल्या जागी सही केली, नियम आहे.
तिसऱ्यासाठी पानं पुढंमागं केली.
हिरेमठ जागा होऊन बघायला लागला,
यास्मिनही बाळ खांद्यावर टाकून थांबली.

"कारखाना छाट परत देत नाही," नरसम्मा म्हणाली,
रागानं नव्हे, माहिती म्हणून.
"आम्हाला मजुरी नाही, त्यांची विडी जाते विकून.
तुमच्याकडचे गुण कुठं जातात सर?"

मुनाफभाईंनी दारात किल्ल्या वाजवल्या.
म्हटलं, वही घरी नेतो, शोधून आणतो पुढच्या रविवारी.
"शोधा शोधा," म्हणाली, आणि बससाठी पळाली.

आता रात्रीचे साडेदहा.
सगळ्या घरात तंबाखूचा वास, बायको खिडक्या उघडतीय.
मी तिचा शब्द न् शब्द मोजला. तीनशे.
कुणालाच आठाच्या वर द्यायचे नाहीत, ही माझी जुनी सवय,
ती काही या वहीत कुठं लिहिलेली नाही.
अर्ध्या वाक्यापाशी येऊन पुन्हा थांबतो.

तिसरा अजून सापडलेला नाही.